प्राग की बुडापेस्ट? एकटं जाणाऱ्यासाठी एक आढावा

युरोपातलं एखादं मोठं शहर एकट्याने पाहायचंय, पॅरिस-लंडनचा खर्च झेपणारा नाही आणि रजा एकाच शहरापुरती आहे, असा विचार करणाऱ्यांच्या यादीत बहुतेक वेळा शेवटी दोनच नावं उरतात: प्राग आणि बुडापेस्ट. दोन्ही शहरं नदीकाठी आहेत, दोन्हीकडे टेकडीवर किल्ला आहे, दोन्ही १९८९ पर्यंत कम्युनिस्ट राजवटीत होती. फोटोंवरून निवड करायला गेलं तर काहीच ठरत नाही. मी दोन्हीकडे एकटीने राहिले आहे. माझं मत आधीच सांगते. प्रागने मला निराश केलं नाही, पण धरूनही ठेवलं नाही. बुडापेस्ट सोडताना मात्र पाय निघत नव्हता. अनेकांना हे उलटं वाटेल, कारण नुसत्या डोळ्यांचा कौल घेतला तर प्राग जास्त सुंदर आहे, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच कारणं सविस्तर सांगते. तुमचा स्वभाव माझ्यापेक्षा वेगळा असेल तर याच कारणांवरून तुम्ही प्राग निवडू शकाल.

पाहण्याचं शहर

दुसऱ्या महायुद्धात मध्य युरोपातली कितीतरी शहरं बेचिराख झाली, त्या मानाने प्राग वाचलं. त्यामुळे गॉथिक, रेनेसान्स, बरोक अशा सगळ्या काळांच्या इमारती तिथे एकाच गल्लीत खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. व्लतावा नदीवरच्या चार्ल्स ब्रिजचं काम सम्राट चौथ्या कार्लच्या काळात १३५७ मध्ये सुरू झालं. पूल पाचशे मीटरच्या थोडा वर लांब आहे आणि त्याच्या दोन्ही कठड्यांवर मिळून तीस शिल्पं आहेत. पलीकडे टेकडीवर सेंट व्हायटस कॅथेड्रल दिसतं. त्याची पायाभरणी १३४४ मधली, आणि ते पूर्ण झालं १९२९ मध्ये. जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० चं आहे. ते बनवणाऱ्याचे डोळे काढले गेले, अशी एक दंतकथा गाईड अजून सांगतात, पण त्या गोष्टीतला हानुश हा घड्याळाचा मूळ कर्ता नव्हताच. घड्याळ घडवलं कदान्यच्या मिकुलाशने. त्याच चौकात टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची कबर आहे. ब्राहे १६०१ मध्ये प्रागमध्येच वारला आणि त्याने गोळा केलेल्या निरीक्षणांवरून केपलरने ग्रहगतीचे पहिले दोन नियम याच शहरात राहून शोधले. विज्ञानाची आवड असलेल्या माणसाला प्रागमध्ये असे बरेच धागे सापडतात. क्लेमेंटिनुम या जुन्या वेधशाळा-ग्रंथालयाच्या वास्तूत तर १७७५ पासून रोजच्या रोज हवामानाची नोंद ठेवली जाते आहे.

हे सगळं वाचून जायलाच हवं असं वाटतं, आणि गेल्यावर ते सगळं जागच्या जागी असतंही. अडचण वेगळीच आहे. जुन्या भागातलं प्राग तुम्हाला सतत बघायला लावतं आणि बघून झालं की पुढे ढकलतं. सकाळी दहानंतर पुलावरून चालणं म्हणजे गटागटांमधून वाट काढणं. घड्याळाखाली दर तासाला गर्दी जमते. वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात, मिनिटभरात सगळं आटोपतं, हातातले फोन खाली येतात आणि गर्दी पांगते. जोडीने किंवा कुटुंबासह गेलेल्यांना हे खटकत नाही, कारण त्यांच्या गप्पा त्यांच्याबरोबरच चाललेल्या असतात. एकट्या माणसाला मात्र बघून झाल्यावर टेकायला जागा लागते. जिथे काही विकत न घेता किंवा थोडंसं घेऊन तासभर बसता येईल आणि आजूबाजूला त्या शहरातली माणसं असतील, अशी जागा. प्रागच्या जुन्या भागात ती मिळता मिळत नाही. बाकं कमी आहेत, आणि चौकातल्या हॉटेलांची टेबलं पर्यटकांसाठीच मांडलेली असतात.

या भागात तुमच्यासमोर 'पारंपरिक' म्हणून जे येतं त्यातलं बरंच पर्यटकांसाठी उभं केलेलं आहे. ट्रडेलनिक हे त्याचं ठळक उदाहरण. लाकडी दांड्याला पीठ गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला, साखरेत घोळवलेला हा गोड पदार्थ दर दहा पावलांवर 'जुनी बोहेमियन मिठाई' म्हणून विकला जातो. प्रागच्या परंपरेशी त्याचा फारसा संबंध नाही. स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाचा ट्रडेलनिक प्रसिद्ध आहे, आणि त्याचाच हंगेरियन भाऊ क्युर्त्योशकलाच ट्रान्सिल्वानियातल्या हंगेरियन लोकांचा. चवीला चांगला आहे, खाऊन बघा. पण बुडापेस्टला जाणार असाल तर तिथे खा, तिथे तो जास्त घरचा आहे. चर्चमधल्या 'मोझार्ट-विवाल्दी' मैफलींची तिकिटं जुन्या काळातले पोशाख घालून रस्त्यात विकणाऱ्यांबद्दलही माझं हेच मत आहे. मोझार्टचं नाव प्रागशी खरोखर जोडलेलं आहे. 'डॉन जोव्हानी'चा पहिला प्रयोग इथल्या एस्टेट्स थिएटरमध्ये २९ ऑक्टोबर १७८७ रोजी झाला. ते थिएटर अजून चालू आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरची तिकिटं परवडतात. संगीत ऐकायचं तर तिथे ऐका.

प्रागच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जुन्या भागाबाहेर पडलं की शहर बदलतं. नदीच्या वळणावरच्या विशेह्राद टेकडीवर ड्वोर्झाक आणि स्मेताना या संगीतकारांच्या कबरी असलेलं स्मशान आहे, जुनी तटबंदी आहे, आणि संध्याकाळी तिथे मुलांना घेऊन आलेले स्थानिक लोक दिसतात. लेटनाच्या उद्यानात कठड्यावर पाय सोडून सगळे पूल एका ओळीत पाहता येतात. विनोह्राडीत साधे कॅफे आहेत, तिथे एकट्याने पुस्तक घेऊन बसलेल्या बाईकडे कोणी वळूनही पाहत नाही. माझे प्रागमधले सगळ्यात चांगले तास याच तीन ठिकाणी गेले. पण त्यासाठी लोक ज्या प्रागची स्वप्नं बघतात त्या प्रागकडे पाठ फिरवावी लागली. माझा कौल कोमट आहे तो यामुळेच.

बसण्याचं शहर

बुडापेस्ट पहिल्या नजरेत मन जिंकत नाही. केलेती स्टेशनातून बाहेर आलं की काजळी बसलेल्या भिंती, पोपडे निघालेले सज्जे, वायरींचं जाळं. १९४४ च्या डिसेंबरपासून १९४५ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराला वेढा पडला होता आणि माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले. १८४९ मध्ये बांधलेला सेचेनी साखळी पूल १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला. आतल्या गल्ल्यांमध्ये काही भिंतींवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. बुडा, पेश्त आणि ओबुडा ही तीन गावं एकत्र होऊन हे शहर झालं १८७३ मध्ये, आणि त्याचा बराचसा भपका त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांतला आहे. म्हणजे प्रागच्या मानाने हे कालचंच शहर. संसदेची अवाढव्य इमारत १९०४ मध्ये पूर्ण झाली. तिचा घुमट ९६ मीटर उंच आहे, कारण हंगेरियन लोक या भूमीत आले ते ८९६ मध्ये असं मानतात. सेंट स्टीफन बॅसिलिकाची उंचीही तेवढीच.

तरीही एकट्या माणसासाठी हे शहर मला कितीतरी पटींनी मोकळं वाटलं. याचं सगळ्यात मोठं कारण इथलं गरम पाणी.

बुडापेस्टच्या पोटात गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांच्यावर तुर्कांच्या काळापासून स्नानगृहं बांधली गेली. रुदाशचं अष्टकोनी कुंड आणि त्यावरचा घुमट सोळाव्या शतकातला आहे. सेचेनी हे सगळ्यात मोठं, १९१३ मध्ये उघडलेलं, पिवळ्या राजवाड्यासारखं. त्याच्या अंगणातल्या उघड्या कुंडांपैकी एकातलं पाणी ३८ अंशांच्या आसपास असतं. गरम पाण्याची कुंडं मराठी माणसाला नवीन नाहीत, वज्रेश्वरी-गणेशपुरीला आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो. फरक एवढाच की इथे लोक दुखणं घेऊनही येतात आणि निवांत दिवस घालवायलाही येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उपचारांसाठी येणारे म्हातारे, कंबरभर पाण्यात बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले पुरुष, गप्पा मारणाऱ्या मैत्रिणी, आणि अधूनमधून एकटी माणसं. पाण्यात एकटं असणं विचित्र दिसतच नाही. हातात फोन नसतो, पाहण्यासारखं असं काही नसतं, उठून पुढे जायची घाई नसते. प्रवासात एकट्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो एक थकवा येतो, दिवसभर कोणाशीही बोलणं न झाल्याचा, तो या पाण्यात उतरतो. प्रागमध्ये त्यावर इलाज सापडला नव्हता.

ज्या बायकांना पोहण्याच्या पोशाखात चारचौघांत जाण्याचा संकोच वाटतो त्यांना मुद्दाम सांगते: इथे सत्तरीच्या बायका सगळ्या आकारांच्या शरीरांनिशी बिनधास्त वावरतात आणि कोणाची नजर कोणावर रेंगाळत नाही. माझा संकोच पहिल्या पंधरा मिनिटांत गेला. सोबत पोहण्याचा पोशाख, रबरी चपला आणि टॉवेल न्या. लांबवर पोहण्यासाठी असलेल्या तलावात टोपी लागते. मनगटावर पट्टा मिळतो, त्यानेच कपाट उघडतं. सेचेनीचं तिकीट आता स्वस्त राहिलेलं नाही, दहा हजार फोरिंटच्या वर जातं, म्हणजे आपले अडीच हजारांहून जास्त रुपये. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर पैसे वसूल होतात. शनिवारी दुपारी जाऊ नका. तिथेही मग प्रागच्या पुलासारखी गर्दी होते. गेलेर्ट हे नक्षीदार स्नानगृह जुन्या माहितीपुस्तकांत पहिल्या क्रमांकावर असतं, पण दुरुस्तीसाठी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते बंद झालं आणि काम काही वर्षं चालणार आहे. त्याच्यावर बेत आखू नका.

बसण्याची दुसरी जागा म्हणजे ट्राम. दोन नंबरची ट्राम पेश्तच्या बाजूने डॅन्यूबच्या काठाकाठाने जाते. साध्या तिकिटात संसद, साखळी पूल, समोरचा बुडा किल्ला सगळं खिडकीतून सरकतं. अंधार पडल्यावर नदीकडची खिडकी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. बोटीच्या महागड्या सफरीपेक्षा मला हे आवडलं. आँद्राशी रस्त्याखालून धावणारी पिवळी मेट्रो १८९६ ची आहे, युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. छोटेसे डबे, पांढऱ्या फरशांची स्थानकं, आणि रस्त्यापासून इतकी कमी खोल की एक जिना उतरला की फलाट. मार्गारेट बेट हे नदीच्या मधोमध असलेलं अडीच किलोमीटर लांबीचं उद्यान आहे, तिथे गाड्यांची वर्दळ जवळजवळ नसते. एकट्याने दुपार काढायला इतकी चांगली जागा मला प्रागमध्ये फक्त लेटनाला सापडली.

शाकाहारी पोटाचा प्रश्न

दोन्ही देश मांसाचे आहेत हे गृहीत धरूनच निघा. प्रागच्या पबमध्ये शाकाहारी माणसाच्या वाट्याला ठरलेला पदार्थ येतो: स्माझेनी सिर, म्हणजे पाव-चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज, सोबत बटाटे. एकदा खायला मजा येते, दुसऱ्यांदा जड होतं. बटाट्याची धिरडी, ब्राम्बोराक, लसूण आणि मार्जोरम घालून करतात, ती उत्तम असतात. पण ती डुकराच्या चरबीत तळलेली नाहीत ना, हे विचारून घ्या. हा प्रश्न बुडापेस्टमध्येही विचारावाच लागतो. तिथेही चरबीत कांदा परतून रस्सा करायची जुनी पद्धत आहे.

बुडापेस्टमध्ये दोन गोष्टींनी मला तारलं. एक, लांगोश: आंबवलेल्या पिठाची मोठी तळलेली पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. उभ्याने खायचा पदार्थ आहे, त्यामुळे एकट्याने टेबल अडवून बसण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी, फ्योझेलेक: पालक, मटार, दुधी किंवा मसूर शिजवून पीठ आणि साय लावून दाट केलेली भाजी. वर अंडं किंवा मांसाचा तुकडा ठेवतात, तो नको म्हणून सांगता येतं. ही घरची, दुपारची, कामावरच्या माणसाची भाजी आहे. साध्या स्वयंसेवा खानावळींमध्ये ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं, पाहिजे त्याकडे बोट दाखवायचं. भाषेची अडचणही येत नाही. उन्हाळ्यात गेलात तर आंबट चेरीचं थंड सूप, मेज्जलेवेश, चुकवू नका. इथल्या जेवणात पेपरिका सगळीकडे असते, पण आपल्या जिभेला ती तिखट न लागता फक्त लाल लागते. बाजारात तिखट पेपरिका वेगळी मागून घ्या.

चेक पबची एक पद्धत एकट्या माणसाला खरं तर सोयीची आहे. तिथे लांब बाकांवर अनोळखी लोक एकाच टेबलाला बसतात आणि वेटर तुमच्या चिठ्ठीवर प्रत्येक ग्लासागणिक एक रेघ ओढतो. बिअर जगात सगळ्यात चांगली म्हणतात ती इथलीच. बिअर पिणाऱ्याला या टेबलांवर सोबत मिळून जाते, आणि तुम्ही पिणारे असाल तर माझं प्रागबद्दलचं मत तुम्हाला लागू पडणार नाही. न पिणाऱ्यासाठी कोफोला आहे, कम्युनिस्ट काळात कोकाकोलाला पर्याय म्हणून काढलेलं पेय, थोडं वनौषधींच्या वासाचं. बऱ्याच पबमध्ये ते नळावरच मिळतं आणि मला ते फार आवडलं. पण दुसरी कोफोला संपल्यावर त्या टेबलावर बसून राहणं अवघड होतं.

दोन्ही शहरांच्या जखमा

या दोन शहरांत जाऊन विसावं शतक टाळता येत नाही, टाळूही नये. प्रागच्या ज्यू वस्तीत, योसेफोव्हमध्ये, पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या सुमारे ७८,००० ज्यू बळींची नावं हाताने लिहिलेली आहेत. नाव, जन्मतारीख, शेवटची माहीत असलेली तारीख. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छळछावणीत मुलांनी काढलेली चित्रं आहेत. प्रागमधलं हे एकच ठिकाण असं होतं जिथे मी एकटी आहे याचं बरं वाटलं, कारण बाहेर येऊन लगेच कोणाशी बोलावं लागलं नाही. जुन्या प्रागमधलं दुसरं काही पाहिलं नाही तरी चालेल, हे पाहा. बुडापेस्टमध्ये संसदेजवळ नदीच्या काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड ठेवलेले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या माणसांनी ज्यूंना काठावर उभं करून, जोडे काढायला लावून गोळ्या घातल्या. तिथे तिकीट नाही, दार नाही, वेळ नाही. त्यांच्या बाजूनेच रोजचे लोक कामाला जातात.

स्टॅलिनच्या पुतळ्यांची कहाणी दोन्ही शहरांत शोधण्यासारखी आहे. प्रागच्या लेटना टेकडीवर १९५५ मध्ये त्याचा प्रचंड पुतळा उभारला आणि १९६२ मध्ये सरकारनेच तो सुरुंग लावून उडवला. आज त्या चौथऱ्यावर एक मोठा मेट्रोनोम, म्हणजे संगीतात ठेका दाखवणारं यंत्र, हलतो आणि खाली पोरं स्केटबोर्ड खेळतात. बुडापेस्टमध्ये २३ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री लोकांनीच त्याचा पुतळा पाडला, चौथऱ्यावर फक्त बूट उरले. कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या त्या उठावाला रशियन रणगाड्यांनी चिरडलं. उरलेले कम्युनिस्ट पुतळे आता शहराबाहेर मेमेंटो पार्कमध्ये आहेत. प्रागच्या व्हेन्स्लस चौकात, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, जमिनीत बसवलेला वाकडा क्रॉस शोधा. यान पालाख या विद्यार्थ्याने आदल्या वर्षीच्या सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ १९६९ च्या जानेवारीत तिथेच स्वतःला पेटवून घेतलं होतं. आजूबाजूला खरेदीची गर्दी असते, त्यामुळे नजरेतून निसटतो.

भारताशी जोडणारे धागेही दोन्हीकडे सापडतात. प्रागच्या डेयवित्से भागात रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाचा रस्ता आहे. अमृता शेरगिल १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्मल्या, आणि कल्हणाच्या राजतरंगिणीची संहिता संपादित करणारे ऑरेल स्टाइन १८६२ मध्ये त्याच शहराच्या पेश्त भागात जन्मले.

रात्र, खोली, पैसे

सुरक्षिततेच्या बाबतीत मला दोन्हीकडे फरक जाणवला नाही. रात्री उशिरा ट्रामने एकटीने फिरताना भीती वाटली नाही. खिसेकापू दोन्हीकडे आहेत, प्रागमध्ये पूल आणि घड्याळापाशी जास्त जपा. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या परदेशी टोळ्या हीच दोन्ही शहरांची डोकेदुखी आहे. प्रागने २०२४ मध्ये रात्री दहानंतरच्या संघटित पब-फेऱ्यांवर बंदी आणली. बुडापेस्टमध्ये असा गोंगाट सातव्या विभागात असतो. पडक्या वाड्यांमध्ये सुरू झालेले प्रसिद्ध बार तिथेच आहेत. संध्याकाळी एक चक्कर मारा, त्यांची सजावट बघण्यासारखी असते, पण झोपायला तिथे खोली घेऊ नका. पाचव्या विभागाचा उत्तर भाग किंवा तेराव्यातलं उयलिपोतवारोश बरं. सहाव्या विभागाने, तेरेझवारोशने, १ जानेवारी २०२६ पासून अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांना बंदी केली आहे, तेव्हा तिथलं हॉटेलच बघा. प्रागमध्ये विनोह्राडी किंवा कार्लिनमध्ये राहा. मेट्रोने जुन्या शहरात पोहोचायला दहा मिनिटं लागतात.

दोन्हीकडे युरो चालत नाही. प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट. सध्या एक कोरुना साधारण चार रुपयांना आणि एक फोरिंट साधारण पाव रुपयाला पडतो. प्रागच्या जुन्या भागात 'कमिशन शून्य' अशी पाटी लावून वाईट दराने पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या फार. तिथे कायद्याने २०१९ पासून एक हक्क दिला आहे: पैसे बदलून घेतल्यावर तीन तासांच्या आत, हजार युरोंपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो. पावती जपून ठेवा. त्याहून सोपं म्हणजे कार्ड वापरा, आणि मशीनने 'रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात' असं विचारलं की नेहमी स्थानिक चलन निवडा. ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट दोन्हीकडे आधी यंत्रात छापून घ्यावं लागतं. नुसतं खिशात असून उपयोग नाही, तपासनीस दंड करतात आणि पर्यटक म्हणून सोडत नाहीत.

आसपास फिरण्यात प्राग पुढे आहे, यात वाद नाही. कुत्ना होरा रेल्वेने तासाभरावर आहे. तिथलं हजारो माणसांच्या हाडांनी सजवलेलं चर्च आणि सेंट बार्बरा कॅथेड्रल एका दिवसात होतं. कार्लश्टेयनचा किल्ला त्याहून जवळ. तेरेझीन आणि चेस्की क्रुमलोव्ह आहेतच. बुडापेस्टहून उपनगरी गाडीने सेंटएन्द्रे होतं, छान आहे, पण अर्ध्या दिवसाचं. शहरात फार वेळ न रमणारे, रोज सकाळी नवीन गावाची गाडी पकडणारे प्रवासी असाल तर तळ म्हणून प्रागच घ्या.

व्हिसा दोन्हीकडे शेंगेनचाच (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक), प्रौढांसाठी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. दोन्ही शहरं करणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्याच्याकडे. हॉटेलची आरक्षणं या हिशेबाला धरून असू द्या, एका रात्रीच्या फरकानेही अर्ज कुठे करायचा ते बदलतं.

दोन्ही जमत असतील तर

क्रम प्राग आधी, बुडापेस्ट नंतर असा ठेवा. पायांना पाणी शेवटी लागतं. प्रागला दोन रात्री मला पुरेशा वाटतात, तिसरी कुत्ना होरासाठी. बुडापेस्टला चारच्या खाली जाऊ नका, त्यात एक पूर्ण दिवस बेताशिवायचा ठेवा. मधला प्रवास विमानाने करू नका. थेट गाडी ब्रनो, ब्रातिस्लाव्हावरून जाते आणि सात तासांच्या आसपास घेते. जेवणाच्या डब्यात गरम जेवण मिळतं, पण शाकाहारी फार नसतं, तेव्हा पाव आणि फळं सोबत असू द्या. तिकीट आधीपासून काढलं तर बरंच स्वस्त पडतं, जागेचं आरक्षण वेगळं करून घ्या, आणि बुडापेस्टकडे जाताना उजव्या हाताची खिडकी मागा. श्टुरोवो आलं की नदीपलीकडे एस्तरगोमच्या बॅसिलिकाचा घुमट दिसतो, आणि तिथून वाट्सपर्यंत डॅन्यूब बराच वेळ रुळांच्या शेजारून वाहते. समोरच्या टेकडीवर व्हिशेग्रादचा किल्ला असतो. डाव्या बाजूला बसलात तर यातलं काहीच दिसत नाही.